तांबड्या क्लोव्हरचा बेवड

आमच्या देशावरच्या शेतकऱ्याच्या बोलीत ‘बेवड’ असा एक शब्द आहे. एक पीक निघून गेल्यावर त्याने जमिनीत मागे जे ठेवले असेल, तिचा कस वाढविला असेल किंवा शोषून नेला असेल, त्या अवशिष्ट गुणाला बेवड म्हणतात. आणि हरभऱ्याचा, तुरीचा, भुईमुगाचा बेवड चांगला, त्यावर पुढचे पीक जोमाने येते, हा निवाडा या शेतकऱ्याने बांधाच्या अलीकडचे एक व पलीकडचे एक अशी दोन वावरे वर्षानुवर्षे ताडून पाहून दिलेला आहे. पीक उभे असताना त्याची शोभा कितीही असो, त्याच्या गुणाची खरी साक्ष ते गेल्यानंतर, आणि तीही शेजारच्या रानाशी तुलना केल्यानंतरच मिळते, हे शहाणपण या एका शब्दात साठविलेले आहे. युरोपातील एका साध्या रानफुलाचा इतिहास वाचताना हा शब्द मला वारंवार आठवत राहिला; कारण त्या फुलाला माणसाने दोन परींनी औषध मानले, जमिनीचे आणि देहाचे, आणि या दोन्ही दाव्यांचे पुढे काय झाले ते एकाच मापाने मोजून पाहण्यासारखे आहे. ते फूल म्हणजे तांबडा क्लोव्हर.

मराठी वाचकाने हे रोप पाहिले नसले तरी त्याचे गोत त्याच्या ओळखीचे आहे. मेथीच्या जुडीतील एक काडी हातात घेतली असता एका देठावर जी तीन पाने दिसतात तीच ठेवण क्लोव्हरची. मेथी, गुरांपुढे टाकतो ती लसूणघास आणि हिवाळी चाऱ्यासाठी पेरतात तो बरसीम ही सारी एकाच कुळातील जवळची भावंडे होत. यांपैकी बरसीम तर क्लोव्हरचीच एक मिसरी जात असून, १९०४ साली, सिंध प्रांत मुंबई इलाख्यात मोडत होता त्या काळात, तो मिसर देशातून तेथे आणून पेरण्यात आला. तांबड्या क्लोव्हरच्या प्रत्येक पानावर फिकट रंगाची एक चंद्रकोर उमटलेली असते, जांभळट गुलाबी फुलांचा भरगच्च गोंडा शेंड्यावर येतो, आणि मूळ सरळ व खोल जाते. लिनीअसने १७५३ साली त्याला ‘ट्रायफोलियम प्राटेन्स’, म्हणजे कुरणातील त्रिदल, असे नाव दिले, आणि ते सार्थ आहे. कारण युरोप, पश्चिम आशिया व आफ्रिकेचा वायव्य कोपरा एवढ्या मुलखात ते कोणी न पेरता गवतात उगवत आले आहे.

जे आपोआप उगवते ते मुद्दाम पेरावे ही कल्पना सुचण्यास मात्र बराच काळ जावा लागला. मध्ययुगीन युरोपात जमिनीचा दर तिसरा, कोठे कोठे दर दुसरा हिस्सा प्रतिवर्षी पड टाकण्याची वहिवाट होती. धान्याने थकलेली जमीन विश्रांतीवाचून पुन्हा पिकत नसे, आणि चाऱ्याच्या अभावी जनावरे थोडी, जनावरे थोडी म्हणून शेणखत थोडे, व खत थोडे म्हणून धान्य थोडे, अशा चक्रात तेथील कुणबी शतकानुशतके फिरत होता. हे चक्र मोडण्याचा एक उपाय व्हेनिसच्या राज्यातील लोनाटो गावच्या कामिल्लो तारेल्लो नावाच्या इसमाने सुचविला. वारंवार खोल नांगरट करावी, आणि जमीन नुसती पड न टाकता तीत क्लोव्हरचा चारा घ्यावा, असे त्याचे सांगणे होते, आणि या पद्धतीने जो कोणी शेती करील त्याने आपणास मोबदला द्यावा अशी सनद त्याने १५६६ साली व्हेनिसच्या सेनेटकडून मिळविली. शेतातील एका फेरपालटीवर राज्याने हक्काचा दस्तऐवज करून द्यावा, यावरून त्या विचाराचे मोल त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही उमगले होते असे दिसते.

पण क्लोव्हरची खरी शाळा भरली ती फ्लँडर्समध्ये. इंग्लंडात राजा व पार्लमेंट यांचे युद्ध जुंपले असता सर रिचर्ड वेस्टन हा सरे परगण्यातील कॅथलिक जमीनदार १६४४ च्या सुमारास परागंदा होऊन तेथे गेला. गेंट आणि अँटवर्प यांच्या दरम्यान प्रवास करताना, ज्या रेताड व ओसाड जातीच्या जमिनीला त्याच्या मायदेशी कोणी विचारले नसते तीच जमीन तेथे अंबाडीसारख्या वाखाची जवस, सलगम आणि क्लोव्हर यांच्या आळीपाळीने सोन्याचे मोल देत असलेली त्याने पाहिली. आपली जप्त झालेली वतनवाडी परत मिळेल की नाही याची शाश्वती नसलेल्या या गृहस्थाने आपल्या मुलांसाठी वारसा म्हणून हे निरीक्षण लिहून ठेवले, आणि सॅम्युअल हार्टलिब याने १६५० साली ते लंडनमध्ये छापून काढले. पित्याने मुलांना जमीन देता येत नाही म्हणून जमिनीचे ज्ञान दिले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातील अत्यंत हृद्य गोष्ट वाटते.

पुढील शतकात नॉरफोक परगण्यात या शिकवणीला शिस्तबद्ध रूप आले. गहू, सलगम, सातू आणि क्लोव्हर अशी चार सालांची फेरी ठरली. सातूच्या उभ्या पिकातच क्लोव्हरचे बी विखरीत, सातू कापला की खालून क्लोव्हर वर येई, आणि त्याच्या बेवडावर गहू पेरीत. पड टाकण्याची गरजच सरली. जी जमीन पूर्वी तिसऱ्या साली रिकामी राही ती आता जनावरांना चारा देऊ लागली. जनावरे वाढली तसे खत वाढले, आणि थकण्याऐवजी जमीन प्रत्येक फेरीनंतर अधिक सशक्त होऊ लागली. जर्मन मुलखात योहान ख्रिस्तियन शुबार्ट याने क्लोव्हरचा इतक्या अट्टाहासाने प्रसार केला की १७८४ साली सम्राट दुसरा जोसेफ याने त्याला सरदारकी बहाल करताना त्याच्या नावापुढे ‘क्लोव्हरच्या शेताचा’ अशा अर्थाचा किताब जोडला. डेन्मार्कचा इतिहासकार थोरकिल्ड केर्गोर याने या वनस्पतीला जग बदलणाऱ्या वनस्पतींत स्थान दिले आहे, आणि उत्तर युरोपची वाढती लोकसंख्या कोणाच्या अन्नावर पोसली गेली हे ध्यानात घेता ते स्थान अवाजवी आहे असे म्हणवत नाही.

जमिनीचा कस वाढविण्याचा हा गुण कोठून येतो, हे मात्र त्यानंतर शंभर वर्षे कोणास सांगता येत नव्हते. त्याचा उलगडा १८८६ साली जर्मनीतील बेर्नबुर्ग येथील हेरमान हेलरीगेल याने केला, आणि तो ज्या रीतीने केला ती रीत आमच्या बांधावरच्या रीतीहून मुळात वेगळी नाही. त्याने कुंड्यांत तापवून निर्जंतुक केलेली, नत्ररहित वाळू भरली, तीत वाटाणा व ओट लावले, आणि काही कुंड्यांत शेतातील मातीचे किंचित पाणी घातले, काहींत घातले नाही. ओटला त्या पाण्याने काही फरक पडला नाही. वाटाणा मात्र, जेथे ते पाणी पडले तेथे हिरवागार झाला व जेथे पडले नाही तेथे सुकत गेला, आणि हिरव्या रोपांच्या मुळांवर लहान लहान गाठी आढळल्या. हेलरीगेल आणि त्याचा सहकारी विल्फार्ट यांनी १८८८ साली हा तपशील सविस्तर मांडला, आणि त्याच वर्षी हॉलंडमधील बाइयरिंक याने त्या गाठींतील जिवाणू वेगळा करून दाखविला. शेंगा धरणाऱ्या रोपांच्या मुळांत राहणारा तो सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधून रोपास देतो, रोप त्याला शर्करा पुरविते, आणि या परस्परांच्या देवघेवीतून उरलेले वैभव म्हणजेच बेवड. वाटाण्याचे जे तेच क्लोव्हरचे, आणि तेच आमच्या तुरीचे.

या काळातील आणखी एक तुलना येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. क्लोव्हरच्या फुलाची नळी इतकी खोल असते की साध्या मधमाशीची जीभ तळाशी पोचणे कठीण. त्याचे परागीकरण मुख्यत्वे लांब जिभेच्या केसाळ भ्रमरांकडून, बम्बलबींकडून होते. डार्विनने तांबड्या क्लोव्हरचे १०० गोंडे उघडे ठेवले आणि तितकेच जाळीने झाकले. उघड्या गोंड्यांनी २,७०० बिया धरल्या, झाकलेल्यांत एकही धरली नाही. उंदीर या भ्रमरांची घरटी फोडतात आणि मांजर उंदीर खाते, म्हणून गावात मांजरे किती यावर रानात क्लोव्हर किती हे ठरावे, अशी जी साखळी त्याने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये दाखविली तिची सत्यता न्यूझीलंडच्या वसाहतकऱ्यांना अनुभवाने पटली. तेथे इंग्लंडहून आणलेला क्लोव्हर उत्तम वाढे, पण बी धरीना. म्हणून १८८५ साली भ्रमरांच्या निद्रिस्त राण्या शीतगृहाच्या जहाजांतून मागविण्यात आल्या, त्यांतील जगल्या तेवढ्या सोडण्यात आल्या, आणि बी धरू लागले.

आता देहाच्या औषधाकडे वळू. ज्या फुलाला गुरे चटकन तोंड लावतात, ज्याच्यात मध आहे, आणि ज्याच्या शेजारी धान्य पोसते, ते माणसालाही हितकर असेल असे अनुमान खेड्यातील मनाने काढले असल्यास त्यात नवल नाही. युरोपातील व पुढे अमेरिकेतील घराघरांत त्याच्या वाळविलेल्या गोंड्यांचा काढा डांग्या खोकल्यावर व दाटलेल्या छातीवर देत, त्याचे पोटीस त्वचेच्या खरजेवर व व्रणावर बांधीत, आणि रक्त शुद्ध करणारा म्हणून वसंतात तो काढा पीत. आमच्याकडेही रक्तशुद्धीच्या नावाने किती काढे उकळले गेले याचे स्मरण ठेवले म्हणजे त्या आयाबायांच्या श्रद्धेची आपणास अवहेलना करवणार नाही. दुखणाऱ्या लेकराला उपाशी श्रद्धेपेक्षा ऊन काढा बरा, आणि त्या काळी वैद्य जे देत असत त्यांतील पारा व रक्तमोक्षण यांच्यापेक्षा तर क्लोव्हरचा काढा किती तरी निरुपद्रवी होता.

परंतु घरातील काढ्याचा बाजारातील माल झाला की त्याच्या दाव्यालाही बाजाराची भूक लागते. न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेला सॅम्युअल टॉमसन (१७६९–१८४३) हा शेतकऱ्याचा मुलगा वनस्पतिवैद्य झाला, आपल्या पद्धतीचे पेटंट त्याने १८१३ साली घेतले, आणि ती वापरण्याचे हक्क तो कुटुंबागणिक २० डॉलरांना विकू लागला. त्याच्या ग्रंथात क्लोव्हरचे गोंडे उकळून, गाळून, डांबरासारखे घट्ट होईपर्यंत आटवून कर्करोगावर लावण्याचा लेप दिलेला आहे. त्याच्यामागून सिनसिनाटीच्या ‘एक्लेक्टिक’ संप्रदायाच्या वैद्यांनी या वनस्पतीला आपल्या औषधकोशात जागा दिली, आणि औषधी कारखाने क्लोव्हरमिश्रित रक्तशोधक पाकाच्या बाटल्या भरू लागले. डाग पडलेल्या कातडीपासून रक्तातील सर्व दोषांपर्यंत आणि तेथून कर्करोगापर्यंत दाव्याची ही मजल गेली. पण लेप लावलेला रोगी आणि न लावलेला रोगी शेजारी शेजारी ठेवून कोणी पडताळा घेतला, असे या दीर्घ कालखंडात आढळत नाही.

या मार्गाचा सर्वांत क्लेशदायक शेवट विसाव्या शतकात झाला. हॅरी हॉक्सी नावाच्या इसमाने आपल्या पणजोबाच्या एका घोड्याची कथा सांगितली; पायावर अर्बुद आलेला तो घोडा कुरणाच्या एका विशिष्ट कोपऱ्यातील वनस्पती खाऊन बरा झाला, आणि त्या वनस्पतींची कृती घराण्यात चालत आली, असे तो म्हणे. पोटात घेण्याच्या त्याच्या औषधात तांबडा क्लोव्हर, ज्येष्ठमध, बर्डॉकचे मूळ व अन्य काही वनस्पती पोटॅशियम आयोडाइडसह असत. १९३६ सालापासून डलास शहरात त्याचे चिकित्सालय चालले आणि हजारो कर्करोगी तेथे आले. अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन यांच्यावर त्याने अब्रूनुकसानीची फिर्याद केली, ती जिंकलीही, आणि न्यायालयाने त्याला दोन डॉलर देवविले. पण त्याच्या औषधाने बरा झालेला रोगी दाखवा म्हणून जेव्हा शासनाच्या तज्ज्ञांनी नोंदी तपासल्या तेव्हा त्यांना समाधान होईल असा पुरावा मिळाला नाही. १९५६-५७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचारापासून सावध राहण्याचा जाहीरनामा काढून देशभरच्या टपाल कचेऱ्यांत लावला. १९६० साली मनाई हुकुमांनी डलासचा कारभार थांबला, आणि १९६३ साली चिकित्सालय सरहद्दीपलीकडे मेक्सिकोतील तिहुआना येथे गेले. १९६७ साली खुद्द हॉक्सीला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला. आपल्या औषधाने गुण येईना तेव्हा त्याने शस्त्रक्रिया करून घेतली, आणि १९७४ साली तो वारला. त्याच्या वैयक्तिक दुःखाविषयी मला करुणाच वाटते; पण ज्यांनी वेळेवरची शस्त्रक्रिया सोडून त्याच्या बाटलीवर भरवसा ठेवला, त्यांची संख्या कोणत्या दफ्तरात लिहिली गेली?

आणि तरीही क्लोव्हर देहावर काहीच परिणाम करीत नाही असे नाही. हे प्रथम उघडकीस आले ते मेंढवाड्यात. १९४० नंतरच्या काही सालांत पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांच्या कळपांवर एक अनाकलनीय संकट आले: दिसायला धष्टपुष्ट मेंढ्या गाभण राहीनात, राहिल्या तर वेतात अडत, आणि कधी न व्यालेल्या जनावरांना दूध सुटे. बेनेट्स, अंडरवूड आणि शीअर या तिघांनी १९४६ साली दाखविले की हा दोष क्लोव्हरच्याच एका जातीच्या, जमिनीत बी पुरणाऱ्या क्लोव्हरच्या, कुरणांत चरणाऱ्या कळपांतच आढळतो. त्या पाल्यात स्त्रीदेहातील इस्ट्रोजेन या अंतःस्रावासारखे काम करणारी आयसोफ्लेव्होन वर्गाची द्रव्ये असतात, आणि मेंढीच्या पोटात त्यांतील फॉर्मोनोनेटिन या द्रव्याचे अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर होते, हे पुढील संशोधनाने ठरले. तांबड्या क्लोव्हरमध्येही फॉर्मोनोनेटिन आणि बायोकॅनिन ही द्रव्ये भरपूर आहेत.

याच्याही आधी, १९२० च्या दशकात, अमेरिकेच्या व कॅनडाच्या उत्तरेकडील मैदानांत गुरे रक्तस्रावाने मरू लागली होती. तेव्हा फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने एकाच गंजीतून चांगल्या व बुरशी लागलेल्या काड्या निवडून दोन सशांना निरनिराळ्या खाऊ घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा तरला, बुरशीच्या काड्या खाणारा रक्तस्राव होऊन मेला. ही काडी तांबड्या क्लोव्हरची नव्हती, त्याच्या गोतातील ‘स्वीट क्लोव्हर’ची होती, पण त्या विषाचा माग काढीत विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक व त्याचे सहकारी डायक्युमरॉल या द्रव्यापर्यंत पोचले, आणि त्यापासून पुढे वॉरफरिन हे रक्त न गोठू देणारे औषध सिद्ध झाले, ज्याने आजवर असंख्य हृद्रोग्यांचे प्राण राखले आहेत. जो चारा गुरांचा काळ झाला त्यातून माणसाचे औषध निघाले, याचे कारण कोणी तरी एक काडी दुसऱ्या काडीशी ताडून पाहण्याचे कष्ट घेतले होते.

मेंढ्यांवरील अनुभवातून विसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवी आशा उत्पन्न झाली. रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन ओसरल्याने अनेक स्त्रियांच्या अंगातून अवचित वाफा निघाल्यासारखे होते, घाम फुटतो, झोप मोडते. ज्या द्रव्याने मेंढीवर इतका परिणाम केला ते मोजक्या मात्रेत दिल्यास या त्रासाला उतार पडेल, या विचाराने तांबड्या क्लोव्हरच्या अर्काच्या गोळ्या ऑस्ट्रेलियात तयार झाल्या व जगभर विकल्या जाऊ लागल्या. या वेळी मात्र पडताळा घेण्यात आला. अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २५२ स्त्रियांचे तीन गट करून दोन गटांना क्लोव्हरच्या अर्काच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या आणि तिसऱ्याला तशीच दिसणारी पण औषधरहित गोळी १२ आठवडे देण्यात आली. रोज येणाऱ्या या वाफांची संख्या पहिल्या दोन गटांत सरासरीने अनुक्रमे ५.१ व ५.४ नी उतरली. आणि औषधरहित गोळी घेणाऱ्या गटातही ती ५.० नी उतरली. तीनही गटांतील स्त्रियांना बरे वाटले हे खरे, आणि ते बरे वाटणे खोटे नव्हते. पण ते क्लोव्हरमुळे वाटले असे त्या अंकांवरून म्हणता येत नाही. त्यानंतरच्या काही चाचण्यांत थोडा गुण दिसला, काहींत दिसला नाही. तरीही ही द्रव्ये देहावर परिणाम करू शकतात, म्हणून गर्भवतीने, स्तनाच्या अंतःस्रावाधीन कर्करोगाचा इतिहास असणाऱ्या स्त्रीने आणि रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्या रोग्याने वैद्याच्या सल्ल्यावाचून या वनस्पतीच्या वाटेस जाऊ नये, एवढे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

ज्या क्षेत्रात क्लोव्हरचा दावा निर्विवाद सिद्ध झाला होता त्या क्षेत्रातून मात्र दरम्यान त्याची पीछेहाट झाली. १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ येथे हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याचा कारखाना सुरू झाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पोत्यातील खत इतके स्वस्त व सोपे झाले की चार सालांच्या फेरीत एक साल क्लोव्हरसाठी राखून ठेवणे शेतकऱ्याला परवडेनासे वाटू लागले. सिद्ध झालेला गुण विस्मृतीत गेला आणि सिद्ध न झालेला गुण गोळ्यांच्या डबीवर छापला गेला. या विपर्यासाचे मला मनापासून वाईट वाटते. कारण गव्हाच्या भाकरीतून, दुधातून आणि मांसातून ज्या कोट्यवधी माणसांची हाडे या रोपाने दृढ केली त्यांच्या आरोग्याचा हिशेब कोणत्याही औषधकोशात मांडलेला नाही, आणि माझ्या मते तांबड्या क्लोव्हरने माणसाला दिलेले खरे औषध तेच होय.

आमच्याकडे तुरीचे वावर मोकळे झाले आणि पुढल्या हंगामात त्यात ज्वारी उभी राहिली म्हणजे जुना शेतकरी बांधावर येऊन थांबतो. आधी आपल्या रानाकडे पाहतो, मग पलीकडच्या, ज्यात ज्वारीवरच ज्वारी घेतली आहे त्या रानाकडे पाहतो, आणि दोन्हींकडची ताटे डोळ्यांनी मोजल्यावाचून बेवडाविषयी एक शब्द बोलत नाही.